अकरा दिवे

मिनीबसने आम्हाला झेमोखेवीत उतरवलं
तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंदसुद्धा केलं नाही.
शुक्रवारी येतो म्हणाला, आणि वळला.

आम्ही सहा जण, कुतइसीचे, पर्यटनशास्त्र, तिसरं वर्ष.
सोबत लाल रंगाचा एक डबा, पांढऱ्याचे दोन,
चार ब्रश,
आणि फॉर्म. त्यात एक रकाना :
गावातील आकर्षणे, किमान पाच.

गावात माणसं चार.
त्यातली ओलिको राजम्याचं सारण भरून रोटी भाजत होती.
तिला विचारलं, इथे पाहण्यासारखं काय आहे?
तिने एप्रनला हात पुसले,
खिडकीबाहेर नीट पाहून घेतलं,
कुणी काही विसरून गेलंय की काय तिथे,
आणि म्हणाली, आधी जेवा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाटेवरचे दगड रंगवू लागलो.
म्हातारा वार्लाम काठी टेकत मागे मागे.
ही वाट कुठे जाते ते दगडाला कशाला सांगता?
त्याला ठाऊक आहे.
दगडाला नाही हो, येणाऱ्याला.
कोण येणार आहे?
येतील, म्हणाली नेस्तान,
आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तशी.

नकाशावर नुसत्या उंचीच्या रेघा होत्या.
वार्लाम त्यांना नावं देत गेला :
बैल बसला तो उतार,
सासूचं कुरण,
उधारीचा झरा. उधारी कुणाची ते सांगितलं नाही.
कागद संपला तेव्हा तोर्निकेने तळहातावर लिहिलं,
आणि रात्री हात न धुता जेवला.

तिसऱ्या रात्री नेस्तानने समोरच्या कड्यावरून फोटो काढला.
स्क्रीनवर मोठा करून बघतो तर
अकरा दिवे.
चार माणसं, तीन घरं, अकरा दिवे.
पुन्हा मोजले. अकराच.

मग संध्याकाळी पाळत ठेवली.
वार्लाम किल्ल्यांचं जुडगं घेऊन निघाला,
एकेका बंद घराचं कुलूप काढायचा,
आत बटण दाबायचा, बाहेर यायचा,
दार लोटायचा हळू, कुणी झोपलं असावं तसं.
बिल कोण भरतं? आमच्यातल्याच कुणीतरी विचारलं.
आम्ही तसलेच.
पेन्शन आहे ना. निम्मं ओलिको देते.
पण कशासाठी?
पलीकडच्या गावातून बघतात. अंधार दिसला की म्हणतील, आटोपलं.
थोडा वेळ थांबून तो म्हणाला,
मीही त्यांचे मोजतो. नऊ आहेत.
माणसं किती, ते मात्र विचारत नाही.

फोटोखाली काय लिहायचं यावर आम्ही रात्रभर भांडलो.
शेवटी फक्त गावाचं नाव लिहिलं.

पहिला पाहुणा सप्टेंबरात आला.
पाठीवर सॅक नव्हती, हातात नकाशा नव्हता.
शहरी बुटांनी आमच्याच रंगवलेल्या दगडावरून घसरला
आणि रचेच्या बोलीत शिवी हासडली.
ग्रामितोन. एकतीस वर्षं रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात.
खिशातून फोटोची घडी काढली :
डावीकडून तिसरा दिवा.
हे माझं घर. मी कुलूप लावून गेलो होतो.
आत कोण राहतं?

वार्लामने जुडग्यातली एक किल्ली सोडवली,
सदऱ्याला पुसली.
मीच. रोज दोन मिनिटं.

दिव्याखालचं छप्पर गळत होतं,
म्हणून ग्रामितोन ओलिकोच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपला.
सकाळी त्याने पैसे पुढे केले.
आम्हाला वाटलं, नको म्हणेल.
तिने मोजले, दोनदा मोजले, डब्यात टाकले,
चष्मा लावला, आमची नोंदवही उघडली.
पाहुणा क्रमांक एक.
नाव लिहिलं.
कुठून आलात, या रकान्याशी पेन थांबलं.
रुस्तावी लिही, तो म्हणाला.
नाही लिहिणार, ती म्हणाली.

अहवालात आमचे दोन रकाने कोरे राहिले.
सरांनी त्याचे गुण कापले.
बरोबरच आहे.